औषध गरम पडलं होतं

उल्हासनगरच्या ज्या नर्सिंग होममध्ये मी नर्स म्हणून एकोणीस वर्षं काढली, तिथं ऑपरेशनच्या आधी पेशंटला सहा प्रश्न विचारायचं काम माझ्याकडे होतं. शेवटचं काय खाल्लं आणि किती वाजता. पूर्वी कधी भूल दिली होती का. दमा, फिट्स वगैरे काही. घरात कुणाला कसला आजार. दात हलतोय का. आणि सहावा, कुठल्या औषधाची कधी रिॲक्शन आली होती का. पहिल्या पाच प्रश्नांना लोक भरभरून उत्तरं द्यायचे. एका बाईनं तर आदल्या दिवशीची भेंडी कशी खारट झाली होती तेही सांगितलं होतं. सहाव्याला मात्र जो तो मान हलवून ‘नाही’ म्हणायचा आणि मी ‘नाही’ लिहायचे. किती वेळा लिहिलं असेल देव जाणे. हाताला सवय झाली होती, डोकं वापरायची वेळच येत नव्हती.

इमारत दोन मजली. खाली पापडाचं दुकान, मागच्या गल्लीत जीन्स शिवायचे कारखाने, त्यामुळे दिवसभर मशीनची घरघर. मोठे डॉक्टर सिंधी, फाळणीनंतरच्या निर्वासितांच्या कॅम्पातच लहानाचे मोठे झालेले. पेशंटशी सिंधीत, माझ्याशी अर्ध्या हिंदीत नि अर्ध्या मराठीत बोलायचे. भुलीचे डॉक्टर कल्याणहून स्कूटरवर यायचे. दिवसाला तीन-चार नर्सिंग होम करायचे बिचारे, त्यामुळे ते पोचेपर्यंत कागद भरलेला आणि टेस्ट डोस दिलेला लागायचा. टेस्ट डोस म्हणजे औषधाचा एक थेंब हाताच्या कातडीत टोचायचा, भोवती बॉलपेननं गोल काढायचा आणि वीस मिनिटांनी गोलाच्या आत सूज किंवा लाली आली का ते बघायचं. लहान मुलांना मी सांगायचे, तुला घड्याळ घातलंय हं. पोरं तो हात जपून धरून बसायची.

घर अंबरनाथ पश्चिमेला, चाळीतलं, दोन खोल्यांचं. नवरा मोरिवलीच्या बाजूला एका केमिकल कारखान्यात शिफ्टवर. आम्हाला एकच मुलगी. आणि सासूबाई. आमच्यात सासूला आत्या म्हणतात, मीही तेच म्हणायचे. आत्या वांगणीकडच्या एका खेड्यातल्या. आयुष्यभर भाताच्या शेतात राबल्या आणि नवरा गेल्यावर आमच्याकडे आल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, सही तेवढी विहारातल्या रविवारच्या वर्गात शिकल्या. पण लिहिता येत नसल्यामुळे सगळं डोक्यात ठेवायची सवय. कुणाच्या लग्नात कुणाला कुठल्या रंगाचं लुगडं नेसवलं, कुणाचं पोर भाताच्या आवणीच्या आधी झालं आणि कुणाचं नंतर, सगळं तोंडपाठ. दूधवाल्यानं कुठल्या दिवशी खाडा केला ते मी कॅलेंडरवर लिहायचे आणि त्या न बघता सांगायच्या. त्यांचंच बरोबर निघायचं.

माझी मुलगी नऊ वर्षांची असताना तिचा घसा धरला. ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं असावीत. नर्सिंग होममध्ये औषध कंपन्यांची माणसं सॅम्पलच्या बाटल्या ठेवून जायची, त्या आम्ही स्टाफ घरी न्यायचो. त्यातलंच एक अँटिबायोटिकचं गोड औषध मी तिला सुरू केलं. डॉक्टरांना विचारलंही नाही. इतकी वर्षं बघतेय, मला काय कळत नाही, अशी माझी मिजास.

चौथ्या दिवशी मी सलग दोन ड्युट्या करून दुपारी घरी आले. मोरीत पाय धुवत होते. आत्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

“पोरीच्या अंगावर पित्त उठला व्हता सकाळी,” त्या म्हणाल्या. “व्हट पन सुजला व्हता. आमसूल भिजवून चोळला, मंग बसला. ता तुजा औषध गरम पडलाय तिला. मी बंद केलाय.”

मला हसू आलं. आमच्या बाजूला अंगावर गांधी उठल्या की त्याला पित्तच म्हणतात आणि त्यावर घरोघरी आमसूलच चोळतात. पण नर्सला औषध गरम पडल्याचं सांगायचं म्हणजे! मी म्हटलं, “आत्या, औषध काही गरम-थंड नसतं हो. शाळेत काहीतरी अरबट-चरबट खाल्लं असेल.” बाटली त्यांनी फळीवर सगळ्यात वर, माझा हात पोचणार नाही अशा जागी ठेवली होती. घसा बरा झालाच होता. मी जेवले आणि आडवी झाले. मुलीचा ओठ बघायलाही उठले नाही.

हे मी आज लिहितेय म्हणून सविस्तर दिसतंय. त्या वेळी तो एका कंटाळवाण्या दिवसाचा एक मिनिटाचा भाग होता. मी विसरून गेले.

तीन महिन्यांनी मुलगी शाळेतून पोट धरून आली. उलट्या, ताप. मी उजव्या बाजूला खाली दाबून हात सोडला तशी ती किंचाळली. अपेंडिक्स, हे मला तिथंच कळलं. रिक्षात घातली आणि थेट आमच्या नर्सिंग होममध्ये आणली.

आपल्या माणसाची लोक किती काळजी घेतात ते त्या दिवशी बघितलं, आणि त्या काळजीतच कसा घात असतो तेही. आयाबाईनं पोरीला कडेवर घेतलं, नऊ वर्षांच्या घोडीला! मोठ्या डॉक्टरांनी बाकीचे पेशंट थांबवले. “सिस्टर, टेन्शन नहीं लेने का. आपली बच्ची आहे.” कल्याणला फोन गेला. केसपेपर माझ्या हाताखालच्या नवीन सिस्टरनं भरला. नाव, वय लिहिलं आणि सहा प्रश्नांसमोर वरपासून खालपर्यंत एकच उभी रेघ मारली. सिस्टरचीच मुलगी, सिस्टरना काय विचारायचं. प्रश्न विचारायचं काम माझं, आणि मी तर त्या दिवशी आई होते.

टेस्ट डोसचं त्या नवीन सिस्टरनं विचारलं, अगदी रीतसर विचारलं. मीच म्हटलं, “राहू दे. हेच औषध तिनं आत्ताच घसा धरला होता तेव्हा घेतलंय. उगाच आणखी एक सुई कशाला.” मुलगी माझा पदर धरून रडत होती. मला तिची एक सुई वाचवायची होती.

मोठ्या डॉक्टरांनी मला बाहेर बसायला सांगितलं, पण मी ऐकलं नाही. टेबलावर तिचा हात मी धरला होता. अँटिबायोटिक शिरेतून मीच दिलं. मग भुलीच्या डॉक्टरांनी झोपेचं दिलं, मग स्नायू सैल पडायचं, नळी घातली आणि श्वासाचा फुगा दाबायला सुरुवात केली. दोन-तीन वेळा दाबला आणि ते थांबले. “फुगा जड लागतोय, हवा आत जात नाहीये,” म्हणाले. कुणाला उद्देशून नाही, असंच.

मी तिच्या पोटाकडे बघितलं. आयोडिन लावायचं अजून बाकी होतं आणि पोट लालबुंद झालं होतं, वर गांधीच गांधी. ओठ बघता बघता फुगला. मी मनगट धरलं तर नाडी नव्हती. माझ्याच हाताला लागत नाहीये असं वाटून मी मानेला बोट लावलं. तिथंही काही लागेना. “ॲड्रेनलिन!” भुलीचे डॉक्टर ओरडले. त्या गृहस्थाचा आवाज मी तोवर कधी चढलेला ऐकला नव्हता. शेकडो ॲम्प्यूल फोडलेल्या माझ्या हातात दोन ॲम्प्यूल चुरा झाल्या. तिसरी त्या नवीन सिस्टरनं फोडली. मोठे डॉक्टर पोरीच्या छातीवर दाब देत होते आणि तोंडानं सिंधीत काहीतरी पुटपुटत होते. तिच्या हातावर बॉलपेनचा गोल नव्हता. इतक्या गडबडीत मला तेवढंच दिसत होतं, कोरा हात.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. नाडी लागली तेव्हा मला वाटलं आपल्याच बोटाची असेल. मग भुलीचे डॉक्टर म्हणाले, “आली.” फुगा हलका झाला. ऑपरेशन अर्थातच रद्द. सुरी लागलीच नव्हती. मी भिंतीला टेकून खाली बसले आणि आयाबाईनं माझ्या तोंडावर पाणी मारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी शुद्धीवर होती, पण पोट तसंच. तापही चढत होता. दुसरं अँटिबायोटिक चालू होतं, त्याचा उपयोग होत नव्हता. आत्या डबा घेऊन आल्या होत्या आणि नातीच्या पायाशी बसल्या होत्या. भुलीचे डॉक्टर आले. स्टूल ओढून माझ्यासमोर बसले.

“सिस्टर, आज ऑपरेशन करावंच लागणार. फुटलं तर पंचाईत होईल, आणि मुंबईला न्यायचं तर ते रस्त्यात फुटायची भीती. पण काल मी तीन औषधं एकामागोमाग गेलेली बघितली. अँटिबायोटिक, झोपेचं, स्नायूंचं. त्यातलं कुठलं बाधलं, हे कळल्याशिवाय मी तिला परत भूल कशी देऊ? आठवून बघा. पूर्वी कधी, कुठल्याही औषधानं, पुरळ, सूज, पित्त, काहीही?”

पित्त म्हणाले आणि मला मोरी आठवली. पाय धुणं, दाराशी उभ्या आत्या, फळीवरची बाटली. सगळं एका क्षणात.

माझ्यामागे ती नवीन सिस्टर उभी होती, जिला मी रोज बजावायचे, सहावा प्रश्न टाळायचा नाही. मोठे डॉक्टर दारात. मी जर म्हटलं असतं की हो, मला सांगितलं होतं आणि मी हसले होते, तर ती नोकरी राहिली असती की नाही कोण जाणे. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मी नोकरीचा विचारसुद्धा केला नाही. मला फक्त त्या सगळ्यांनी माझ्याकडे बघायला नको होतं. एवढीच लाज. तेवढ्यासाठी मी बोलले.

“अँटिबायोटिकच,” मी म्हटलं. “तीन महिन्यांपूर्वी तेच घेतल्यावर तिला पित्त उठलं होतं, ओठही सुजला होता. पण मी ड्युटीवर होते. घरी सासूबाई होत्या. त्यांनी मला सांगितलंच नाही. मला आत्ता कळतंय.”

सगळ्यांच्या नजरा आत्यांकडे वळल्या. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही, मी चादरीची घडी नीट करत होते. मला वाटलं, आता त्या बोलतील. आत्या फाटक्या तोंडाच्या म्हणून गावात प्रसिद्ध होत्या.

“व्हय,” आत्या म्हणाल्या. “मी इसरले सांगायला.”

भुलीचे डॉक्टर निःश्वास सोडून उठले. “आजी, अशा गोष्टी सांगायच्या असतात हो,” एवढंच म्हणाले, तेही चांगल्या शब्दांत. त्या दुपारी त्यांनी ते अँटिबायोटिक वगळून भूल दिली. मी बाहेर पायरीवर बसले होते आणि आत्या माझ्या शेजारी. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. निघालं. आठ दिवसांनी मुलगी घरी आली आणि पंधरा दिवसांनी जिन्यावरून उड्या मारायला लागली.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण आमच्या चाळीत गोष्टी संपत नाहीत. म्हातारीनं सांगितलं नाही म्हणून पोरगी मरता मरता वाचली, हे विहारापासून भाजीबाजारापर्यंत पोचलं. नवऱ्यानं आईला तोंडावर सुनावलं, “एवढं कसं गं विसरतेस?” आणि पुढे दोन महिने तो तिच्याशी कामापुरतं बोलला. जेवताना तो एका भिंतीला, ती दुसऱ्या भिंतीला. मधे मी, दोघांना भाकरी वाढत. रोज ठरवायचे आज सांगू. मग ड्युटीवरून यायचे, अंग मोडून आलेलं असायचं, आणि वाटायचं उद्या. दोन महिन्यांनी त्यांचं बोलणं आपोआप सुरू झालं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. आता सांगायची गरजच उरली नाही, असं मी स्वतःला पटवलं.

कामावर मात्र मी एक केलं. सहावा प्रश्न बदलला. रिॲक्शन हा शब्दच काढून टाकला. मी विचारायला लागले, “कुठलं औषध गरम पडलं होतं का? अंगावर पित्त उठलं होतं का? आमसूल चोळलं होतं का कधी?” आणि काय सांगू, इतकी वर्षं ‘नाही’ म्हणणारी माणसं बोलायला लागली. बारवीकडच्या पाड्यावरची एक बाई पोराला हर्नियासाठी घेऊन आली होती. रिॲक्शन विचारलं असतं तर तिनं मान हलवली असती. आमसूल म्हटल्यावर म्हणाली, “हां, सुई गरम पडली व्हती याला. त्वांड असा सुजला.” तिनं दोन्ही हातांनी आकार दाखवला. मी कागदावर लाल शाईनं लिहिलं. त्या पोराला ते औषध गेलं नाही. असं पुढे बऱ्याचदा झालं. मोठे डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरांना सांगायचे, “हमारी सिस्टर का क्वेश्चन है, इसको पूछो.” माझं कौतुक व्हायचं. माझ्या जिभेवर यायचं की हा प्रश्न माझा नाही, एका अडाणी बाईचा आहे, आणि तिनं तो मला फुकट दिला होता. पण मी नुसती हसायचे. अशानं माणूस फार थकतं. कामानं नाही इतकं.

नव्वदच्या दशकात, मुलगी कॉलेजात असताना, आत्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. ऑपरेशन आमच्याकडेच ठेवलं, डोळ्यांचे डॉक्टर बाहेरून यायचे. केसपेपर भरायला कोवळी पोर होती, नुकतीच लागलेली. मी मुद्दाम बाजूला उभी राहिले. आता कुणाचीही उभी रेघ चालू द्यायची नाही, हे मी सगळ्यांना शिकवलं होतं. तिनं एकेक विचारलं. सहाव्यावर आली.

“आजी, कुठलं औषध गरम पडलं होतं का कधी? पित्त उठलं होतं?”

आत्यांनी दुधाळ डोळे माझ्या दिशेला वळवले. “माज्या सुनंला विचार बाय,” त्या म्हणाल्या. “मी इसरते.”

पोर हसली आणि समासात ‘स्मरणशक्ती कमी’ असं लिहून पुढे गेली.

ऑपरेशन छान झालं. दुपारी आत्या डोळ्यावर पट्टी बांधून पडल्या होत्या. मागच्या गल्लीतून मशीनची घरघर येत होती. मी चहा बशीत ओतून त्यांच्या हातात दिला. त्यांना मी दिसत नव्हते, म्हणूनच मला बोलता आलं असावं.

“आत्या, त्या वेळी तुम्ही मला सांगितलं होतं.”

त्यांनी बशी संपवली. ओठ पुसले.

“व्हय,” त्या म्हणाल्या. “मोरीत पाय धुवत व्हतीस. पाय सुजले व्हते तुजे. अंगावर ता हिरव्या काठाचा पातळ. लय दमली व्हतीस.”

मला रडू फुटलं. पातळाचा काठ मला स्वतःला आठवत नव्हता. त्यांनी हात चाचपत पुढे केला आणि बशी परत दिली.

संध्याकाळी नवरा शिफ्ट संपवून डबा घेऊन आला. मी ठरवलंच होतं. तो टेकायच्या आत, आत्यांसमोर, मी त्याला सांगितलं. पोरीला पित्त उठलं तेव्हा आत्या मला म्हणाल्या होत्या, औषधच गरम पडलंय हेसुद्धा सांगितलं होतं, मी हसण्यावारी नेलं आणि वर सगळ्यांसमोर त्यांच्यावर ढकललं. तू दोन महिने त्यांच्याशी धड बोलला नाहीस ते माझ्यामुळे. सगळं एका दमात बोलले, बोलायचं काही शिल्लक ठेवलं नाही.

तो डबा हातात धरूनच ऐकत होता. मग आईकडे वळला. “खरं का गं?”

आत्या पट्टीआडून छताकडे तोंड करून पडल्या होत्या.

“काय म्हाईत बाबा,” त्या म्हणाल्या. “मला तर काय आठवत नाय. म्हातारी झाले. नसंल सांगितला मी.”

नवऱ्यानं तिच्या अंगावरची चादर सारखी केली. डबा स्टुलावर ठेवला. माझ्या खांद्यावर हात ठेवून समजुतीच्या सुरात म्हणाला, “तू जा घरी. आज मी थांबतो आईजवळ. तू फार दमली आहेस.”